पिवळ्या खडूचा गोल

"तुमच्या हातून आजवर किती खराब दरवाजे सुटले?"

हा प्रश्न मी विचारला. मोठ्यानं, सगळ्या वर्गासमोर, शाळेच्या कारखाना-भेटीत. आणि ज्या बाईला विचारला ती माझी सख्खी आई होती.

पैज चष्मीची. चष्मी आणि लंबू या माझ्या दोन मैत्रिणी, एकीला चष्मा आहे आणि दुसरी बुटकी आहे. बसमध्ये चष्मी म्हणाली, "तुझी आई तिथंच आहे ना कामाला? तिला असं काहीतरी विचार की तिची बोबडी वळली पाहिजे."

"ही विचारणार?" लंबू म्हणाली. "घरी आईसमोर पाणी मागताना हिचा आवाज फुटत नाही."

झालं. मला असलं बोललेलं चालत नाही. म्हणजे, आता चालत नाही. गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात मिठाची गुळणी धरून बसायचे, इतकी की माझं नावच गुळणी पडलं होतं. मग बाईंनी बळंच वादविवाद स्पर्धेत उभं केलं, मी तोंड उघडलं, आणि ते पुन्हा मिटलंच नाही. पहिलं बक्षीस मिळालं. आता मला सगळे भोंगा म्हणतात, आणि मला ते नाव जाम आवडतं.

आईचं काम आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्या कारखान्यात मोटारींचे दरवाजे बनतात. सपाट पत्रा भल्यामोठ्या दाबयंत्राखाली जातो, धाडकन आवाज होतो, तो आपल्या पायांच्या तळव्यांतून वर येतो, आणि पलीकडून दरवाजाचा बाहेरचा भाग निघतो, गुळगुळीत, चकाकता. ओळीच्या शेवटी, ट्यूबलाइटच्या रांगेखाली एक टेबल आहे. तिथं आई उभी असते. उजव्या हातात पातळ सुती मोजा, डाव्या हातात मेणाचा पिवळा खडू. दरवाजा समोर आला की ती त्यावरून तळहात फिरवते आणि बघते भलतीकडेच. भिंतीकडे. हात सरकत जातो, सरकत जातो, मध्येच थबकतो, की पिवळा गोल! तिथं पोचा असतो, किंवा फुगवटा, नाहीतर साच्यात धुळीचा कण अडकून पत्र्यावर उठलेला बारीक दाणा. त्या दाण्याला कामगार पिंपल म्हणतात. हे ऐकल्यावर चष्मीनं मला कोपरानं ढोसलं, कारण माझ्या हनुवटीवर त्या दिवशी एक सणसणीत पिंपल होता. गोल काढलेला दरवाजा लाल गाड्यात जातो, बाकीचे पुढे रंगायला. केसापेक्षा कमी खोल पोचा असला तरी रंग दिल्यावर उन्हात तो डोळ्यांत खुपतो म्हणे. डोळ्यांना आधी दिसत नाही, आईच्या हाताला लागतो.

तर मी विचारलं. आईनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी रस्त्यावरची कोणीतरी.

"एकही नाही," ती म्हणाली आणि पुढचा दरवाजा ओढला.

मागून कोणीतरी हसलं. पांढरं हेल्मेट घातलेला एक तरुण इंजिनिअर होता. कामगार त्याला कॅमेरासाहेब म्हणायचे. "शाब्बास! दीड वर्ष झालं, हाच प्रश्न मला विचारायचाय. धीर होत नव्हता."

सगळे हसले. मी हवेत.

मग त्यानं आम्हाला त्याचा बोगदा दाखवला. आईच्या टेबलापासून दहा पावलांवर पत्र्याचा एक बोगदा, आत काळे-पांढरे पट्टे पाडणारे दिवे आणि आठ कॅमेरे. दरवाजा सरकत्या पट्ट्यावरून आत गेला की फोटो निघतात, संगणक ते बघतो, ठीक असेल तर हिरवा दिवा, खराब असेल तर लाल. "अजून शिकतोय तो," कॅमेरासाहेब म्हणाला. "पण एकदा शिकला की दमणार नाही, रजा मागणार नाही. आणि त्याच्या चुका मोजता येतात. ताईंच्या कशा मोजणार?"

"मोजा की," आई तिकडूनच म्हणाली. "कोणी अडवलंय?"

कारखान्याचे मोठे साहेब आमच्या मुख्याध्यापिकांना घेऊन मागे उभे होते. ते म्हणाले, "हे बरं झालं. तीन महिन्यांनी यंत्र आणि ताई, दोघांसमोर वीस दरवाजे लावा. यंत्र खरं ठरलं तर हे टेबल उचला, जागा मोकळी होईल." खोलीतली एखादी खुर्ची सरकवायला सांगावी तसं म्हणाले. आणि मुख्याध्यापिकांना चहाला घेऊन गेले.

आईची बोबडी वळली नव्हती, पण मी विचारलं तर खरं, म्हणून पैज हरल्याबद्दल चष्मीनं मला आपलं घड्याळ आठवडाभर वापरायला दिलं.

घरी आल्यावर बाबांनी मला कपडेसुद्धा बदलू दिले नाहीत. "काय गं, प्रश्न विचारलास की आईच्या टेबलाखाली सुरुंग लावलास?"

बाबांना हे कळतं, कारण ते आधी टोलनाक्यावर खिडकीत बसायचे. मग नाक्यावर कॅमेरे लागले, गाड्या न थांबता जायला लागल्या, आणि बाबा घरी थांबले ते थांबलेच. आमचं घर आईच्या त्या टेबलावर उभं आहे. घरातली भांडी, धुणं, फरशी सगळं बाबा करतात. आई घरात चमचासुद्धा विसळत नाही, कारण साबणानं तळहात राठ होतो आणि राठ हाताला पोचा लागत नाही. तिचा उजवा हात म्हणजे आमच्या घरातला चौथा आणि पाचवा माणूस. आम्ही आहोत तीनच, पण हात दोघांच्या बरोबरीचा.

आई जेवली आणि हाताला मलम चोळत बसली.

महिनाभरानं कारखान्यातून शाळेत पत्र आलं. सुटीत चार आठवडे सहा विद्यार्थी पाहिजेत. संगणकावर बसून दरवाजांच्या फोटोंत जिथं दोष असेल तिथं चौकट आखायची, म्हणजे ती बघून यंत्र शिकेल. प्रमाणपत्र मिळेल, आणि चांगलं काम करणाऱ्याला कॅमेरासाहेब पुढच्या शिक्षणासाठी शिफारस देईल. पत्र वाचून व्हायच्या आत माझा हात वर होता. चष्मी आणि लंबू माझ्या मागोमाग.

"मी जाणार," मी घरी सांगितलं.

"अगं, ते यंत्र शिकलं तर—" बाबा म्हणाले.

"जाऊ दे तिला," आई म्हणाली. "बघू, काय शिकवते ते."

मला वाटलं, आईला माझं कौतुक आहे. खरंच वाटलं. रात्रभर मी ते वाक्य उशाशी घेऊन झोपले.

कामाची खोली आईच्या टेबलासमोरच होती, काचेची, थंडगार, सहा संगणक, फिरत्या खुर्च्या. लाल गाड्यातले दरवाजे बोगद्यातून नेलेले, त्यांचे हजारो फोटो. पहिल्या दिवशी मी नाक पडद्याला लावून पोचे शोधले. दिसतील तर शपथ! पत्रा, पट्टे, पुन्हा पत्रा. तासात मी चार फोटो केले. मग माझ्या लक्षात आलं की शोधायचं कशाला? प्रत्येक दरवाजावर आईचा पिवळा गोल आहेच की. दोष त्या गोलात असणार. आईच्या हातून चूक होत नाही हे तर सगळ्या कारखान्याला माहीत आहे. गोलाभोवती चौकट आखायची, पुढचा फोटो. गोल, चौकट, पुढचा. मी बाकीच्या पाच जणांनाही शिकवलं. दुसऱ्या दिवशी मी एकटीनं तीनशे केले, आठवडा संपता संपता दिवसाला सातशे.

"तू तर वाघीण निघालीस," कॅमेरासाहेब म्हणाला. त्याला शिफारस लिहायची इतकी घाई झाली होती की त्यानं एकदाही फोटो जवळ घेऊन बघितला नाही. त्याच्या पडद्यावर आकडे चढत होते. यंत्र शंभरातले साठ ओळखतंय, मग ऐंशी, मग नव्व्याण्णव! त्या दिवशी आम्ही फिरत्या खुर्च्यांवर गरगर फिरलो आणि लंबूला उलटी झाली.

जेवणाच्या सुटीत आम्ही सगळे एकाच मोठ्या खोलीत बसायचो. आई समोरच्या रांगेत. एकदा तिच्या शेजारचा वेल्डर ओरडून म्हणाला, "मावशी, लेक टेबलाचे पाय कापतेय बघा तुमच्या!"

"कापू दे," आई डबा उघडत म्हणाली. "करवत नीट धरलीय का तेवढं बघा."

सगळे खिदळले. मीही. मी तिला हातसुद्धा हलवला.

आता कबूल करते, मी त्या दिवसांत फार बोलले. घरी येताना बसमध्ये मी आईला समजावायचे की काळ बदलतो, त्याला धरून चालायचं असतं. तुझे गुडघे दुखतात ना, मग बरंच आहे. एकदा मी विचारलं, "टेबल गेलं की तू दिवसभर काय करशील?"

"झोपेन."

"आणि घर?"

"तू आहेस ना."

"आहेच मी!" मी म्हणाले. शिफारस, शिक्षण, नोकरी, सगळं मी बसल्या बसल्या मनातल्या मनात उरकून टाकलं होतं. आई खिडकीबाहेर बघत होती. आता आठवतं, ती हसत होती.

सुटी संपली आणि यंत्राच्या परीक्षेचा दिवस आला. शाळेनं आम्हा सहा जणांना सोडलं, वर शिक्षकही बरोबर दिले. बोगद्याभोवती अर्धा कारखाना जमला होता. दाबयंत्रं बंद होती, त्यामुळे माणसांचे आवाज एकदम मोठे वाटत होते. वीस दरवाजे, त्यांच्यावर कसलीही खूण नाही, फक्त नंबर. बाहेरून आलेल्या दोन तपासनीसांनी आदल्या दिवशी तेल लावून, बारीक दगडानं हलकेच घासून, प्रत्येक दरवाजा पारखला होता. कुठले खराब ते लिहिलेला लिफाफा मोठ्या साहेबांच्या खिशात होता.

"आधी यंत्र," आई म्हणाली. "मी नंतर."

पहिला दरवाजा आत गेला. हिरवा दिवा. दुसरा, हिरवा. तिसरा, हिरवा. पाचव्यापर्यंत आम्ही टाळ्या वाजवत होतो. नवव्याला कॅमेरासाहेबाची मान लाल व्हायला लागली, दिवा मात्र हिरवाच. अकरावा दरवाजा बाहेर आला तेव्हा मी पट्ट्याशेजारीच होते. सवयीनं मी त्याच्यावरून हात फिरवला.

ही सवय आईनं लावलेली. मी आठ वर्षांची असल्यापासून ती घरातल्या लोखंडी कपाटासमोर माझे डोळे बांधायची. कपाटाला कुठं कुठं ठोकर लागलीय ते हातानं सांगायचं. चुकलं की बोटांच्या पेरांवर पट्टी. रडलं की आणखी एक, कारण ओल्या हाताला काही कळत नाही. बारा वर्षांची झाले तेव्हा त्या कपाटावरचा एकही पोचा माझ्या हातातून सुटत नव्हता.

तर अकराव्या दरवाजावर, मूठ बसवायच्या खाचेखाली माझा तळहात अडला.

"सर, यात आहे," मी हळूच म्हणाले.

"हात काढ," कॅमेरासाहेब दात आवळून म्हणाला.

वीस झाले. विसावाही हिरवा. मग आई पुढे आली. तिनं खडू खिशातून काढलाच नाही. मोजा घातला, भिंतीकडे बघत वीस दरवाजांवरून हात फिरवला आणि पाढे म्हणावेत तसे आकडे म्हटले. "चार. सात. अकरा. बारा. पंधरा, दोन ठिकाणी. सतरा. वीस."

मोठ्या साहेबांनी लिफाफा फोडला. सात दरवाजे खराब. चार, सात, अकरा, बारा, पंधरा, सतरा, वीस.

आईचे सातपैकी सात. यंत्राचं शून्य.

"हे काय आहे?" मोठे साहेब म्हणाले.

"सर, मला वाटतं प्रकाशाचा काहीतरी..." कॅमेरासाहेब म्हणाला.

"प्रकाशाचं काही नाही साहेब," आई म्हणाली. "दाखवते."

इथं ती थांबू शकत होती. टेबल वाचलं होतं. पण तिनं खिशातून खडू काढला, तीन नंबरच्या स्वच्छ, निर्दोष दरवाजावर एक गोल काढला आणि तो पट्ट्यावर ढकलला.

लाल दिवा.

मग तिनं वेल्डरच्या हातातून डब्याचं झाकण घेतलं. गोल काढला. ढकललं. लाल दिवा. लोक हसत सुटले. कोणीतरी शिट्टी मारली. वेल्डर म्हणाला, "मावशी, माझा डबा नापास! आता जेवू कशात?"

"या पोरांनी लाल गाड्यातल्या दरवाजांचे फोटो बघितले," आई मोठ्या साहेबांना सांगत होती, पण आवाज सगळ्यांना जाईल एवढा होता. वादविवादात मी लावते तसा. "माझ्या खडूसकट. खराब दरवाजावर खडू, चांगल्यावर नाही. यंत्रानं खडू ओळखला. पोचा त्याला अजून माहीतच नाही." मग ती वळली. "तू. इकडे ये."

मी गेले. का गेले? आठ वर्षांची असल्यापासून तिनं इकडे ये म्हटलं की मी जाते.

तिनं माझी हनुवटी दोन बोटांत धरली आणि माझ्या पिंपलभोवती पिवळा गोल काढला. सावकाश. गोल पूर्ण करून. मेणाचा खडू गालापर्यंत घासत गेला. मग माझी मान वाकवून माझं तोंड बोगद्याच्या तोंडाशी नेलं, पहिल्या कॅमेऱ्यासमोर.

लाल दिवा.

बाजूच्या छपाईयंत्रातून एक चिकटपट्टी बाहेर आली, खराब मालावर लावतात ती. आईनं ती फाडली, वाचली. "दोष एक. जागा मध्यभागी." आणि माझ्या गणवेशाच्या बाहीवर चिकटवून वरून थाप मारली.

मी आजवर ऐकलेलं ते सगळ्यात मोठं हसणं. दाबयंत्रं चालू असती तरी ऐकू आलं असतं. चष्मी इतकी हसली की तिचा चष्मा पट्ट्यावर पडला. शिक्षक हसले. मोठे साहेब रुमालानं डोळे टिपत होते. आणि मला, भोंग्याला, एक शब्द सुचला नाही.

मेणाचा खडू पाण्यानं निघत नाही. कामगारांच्या नळावर मी हनुवटी घासत होते, कातडी सोलली तरी गोल दिसतच होता. कॅमेरासाहेब मागे येऊन उभा राहिला. त्याचं हेल्मेट कुठंतरी राहिलं होतं, आणि त्याच्याशिवाय तो आमच्या शाळेतल्या पोरासारखा दिसत होता.

"तू अकराव्याला हात लावलास आणि सांगितलंस," तो म्हणाला.

मी तोंड पुसलं.

"मोठ्या साहेबांनी आणखी दोन महिने दिलेत. फोटो खडूच्या आधी काढायचे, मग चूक होणार नाही. पण दरवाजांवर नंबर नसतो, नंतर काढलेला गोल कुठल्या फोटोचा ते जुळवता येत नाही. मग फोटो काढतानाच दोष कुठं आहे ते हातानं शोधून मला सांगणार कोण? ताई म्हणतात, खडूनं गोल काढेन, तोंडानं सांगणार नाही. त्यांना जबरदस्ती करता येत नाही. तसा हात दुसऱ्या कोणाला नाही." त्यानं माझ्या तळहाताकडे बघितलं. "तुला आहे."

"मला अभ्यास आहे."

"शाळा सुटल्यावर दोन तास. शिफारस पक्की. विचार कर."

घरी पोचले तर आई जेवायला बसली होती. इतकी भूक लागलेली आई मी कधी बघितली नव्हती. बाबा वाढत होते आणि तिच्या तोंडून ऐकून ऐकून हसत होते. "डब्याचं झाकण नापास!" असं म्हणत होते, आणि मी दारात उभी राहिले. माझी हनुवटी बघून त्यांचं हसणं अर्ध्यावर तुटलं.

"हे काय केलंस गं तिला?" ते आईला म्हणाले. हा भाग तिनं त्यांना सांगितला नव्हता.

"तेल लाव, निघेल," आई मला म्हणाली.

मी बसले नाही. "तुला कधी कळलं? यंत्र खडू शिकतंय हे?"

"तुझ्या दुसऱ्या दिवशी. काचेतून दिसतो मला तुझा पडदा. तासाला चार फोटो करणारी पोर एकदम चाळीस करायला लागली. म्हटलं, ही पोचा बघत नाहीये, माझा खडू बघतेय."

"आणि सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तू सुधारलं असतंस." तिनं घास गिळला. "बाकीच्यांची भीती नव्हती. त्या टोपीवाल्याची तर नाहीच. तुझी होती. तुला हात आहे. म्हणून नाही सांगितलं."

"मी तुझी मुलगी आहे!"

"माझं टेबल होतं."

"अगं, पोरीशी बोलतेयस तू," बाबा म्हणाले.

"पोरगी चार आठवडे माझ्यासमोर बसून जेवली," आई म्हणाली. "एकदा तरी विचारलं तिनं, आई, यातला पोचा नेमका कुठं असतो गं? बसमध्ये मलाच शिकवत होती, काळ कसा बदलतो ते. तुम्हाला काय वाटतं, ते टेबल गेलं असतं तर हिच्या प्रमाणपत्राची भाजी केली असती आपण?"

"ते सगळं ठीक आहे," मी म्हणाले. माझा आवाज परत आला होता, मला तो ऐकू आला. "टेबल तू सात दरवाजांतच वाचवलं होतंस. तीन नंबरचा दरवाजाही समजू शकते, साहेबांना पटायला हवं होतं. झाकणही चालेल. माझं तोंड कशाला?"

आईनं ताट बाजूला सारलं. तळहात उलटा करून बघितला, दिवसाच्या शेवटी बघते तसा, कुठं राठ झालाय का.

"त्याची गरज नव्हती," ती म्हणाली. "ती माझी हौस."

बाबांनी हातातलं भांडं खाली ठेवलं.  बाबांना मध्ये पडायचं होतं, पण कुणाच्या बाजूनं पडायचं ते त्यांना कळत नव्हतं. ते एकदा तिच्याकडे बघायचे, एकदा माझ्याकडे.

"पोर आहे, विसरून जाईल," शेवटी ते म्हणाले. "काय गं? उद्यापासून सगळं नेहमीसारखं. आईचं काम राहिलं, घर राहिलं, आपण सुटलो. तूही शाळेत लक्ष घाल आता."

"बाबा, बसा," मी म्हणाले. "आई, तूही ऐक. एकदाच सांगणार आहे."

बाबा बसले. आई हाताला मलम लावत होती, तिनं बोटं थांबवली.

"सोमवारपासून शाळा सुटली की मी कारखान्यात जाणार. बोगद्याच्या अलीकडे उभी राहणार. प्रत्येक दरवाजा आधी माझ्या हाताखालून जाईल. पोचा कुठं आहे ते मी सरांना तोंडी सांगेन, आठ कॅमेरे कोऱ्या पत्र्याचा फोटो काढतील, आणि मग तो दरवाजा आईच्या टेबलावर जाईल. तोपर्यंत यंत्रानं त्या दरवाजावरून शिकायचं ते शिकलेलं असेल. सरांना मी येतानाच फोन करून हो म्हटलंय. दोन महिने पुरतील. त्यानंतर टेबल उचलतील, आणि घरात काय येणार नाही ते मला माहीत आहे, बाबा, तुम्ही सांगायची गरज नाही. तरी मी जाणार."